बाप्तिस्मा झालाय, मग मतदारयादीत नाव का नाही?

मंडळीची वार्षिक सभा जवळ आली, पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीच्या, निवडणुकीची यादी चर्चच्या दाराशी लागली, की वाद ठरलेला. एकजण म्हणतो, ‘माझा बाप्तिस्मा याच चर्चात झालाय की! मग माझं नाव कसं काय न्हाई?’ यादी करणारा सांगतो, ‘तुमचं दृढीकरण झालेलं नाही,’ म्हणजे कळत्या वयात मंडळीसमोर आपला विश्वास कबूल करण्याचा विधी झालेला नाही. बाजूचा म्हणतो, ‘माझं तर दृढीकरणबी झालंय.’ त्याला उत्तर मिळतं, ‘वर्गणी कुठंय?’ तिघंही खरं बोलत असतात. पण बोलणं तीन वेगळ्या गोष्टींबद्दल चाललेलं असतं, आणि त्या तिन्हींना आपण ‘सभासद होणं’ हे एकच नाव दिलेलं असतं. ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला तर हे सगळंच कोडं. म्हणून जरा मुळापासून बघू.

प्रोटेस्टंट मंडळ्या साधारणपणे दोनच संस्कार मानतात, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी). या दोन्हींची आज्ञा येशूनं स्वतः दिल्याचं शुभवर्तमानात लिहिलंय, हे त्यामागचं कारण. रोमन कॅथलिक मंडळी सात संस्कार मानते आणि दृढीकरण त्यांतला एक आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत दृढीकरणाला त्या दोन संस्कारांच्या बरोबरीचं स्थान नाही. तरीही बऱ्याच प्रोटेस्टंट चर्चांमध्ये ते केल्याशिवाय माणूस पूर्ण सभासद होत नाही. संस्कार नाही, पण अट आहे. हे असं का झालं, ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

बाप्तिस्मा म्हणजे पाण्यानं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं केलेला विधी. मत्तयच्या २८व्या अध्यायात येशू शिष्यांना हेच सांगतो. पौल रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात त्याचा अर्थ लावतो : ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं. इथपर्यंत बहुतेकांचं एकमत आहे. भांडण सुरू होतं ते बाप्तिस्मा कुणाला द्यायचा यावर.

तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा देणारे म्हणतात, देवाचा करार घराशी असतो. जुन्या करारात आठव्या दिवशी सुंता व्हायची, तेव्हा त्या लेकराला कुणी विचारत नव्हतं. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मध्ये लुदियाचा बाप्तिस्मा तिच्या घराण्यासकट झाला आणि फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचा त्याच्या सगळ्या माणसांसकट. दुसरी बाजू म्हणते, त्या घरांत तान्हं लेकरू होतं असं कुठं लिहिलंय? आधी विश्वास, मग पाणी. ज्याला विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या डोक्यावर पाणी घालून काय साधणार? दोन्ही बाजूंना वचनं सापडतात, आणि निव्वळ वचनांच्या जोरावर हा वाद मिटेल असं मला वाटत नाही. पाचशे वर्षांत मिटलेला नाही.

त्या पाचशे वर्षांची सुरुवात भयंकर आहे. जानेवारी १५२५ मध्ये झुरिकमध्ये काही तरुणांनी, लहानपणी बाप्तिस्मा झालेला असूनही, आपल्या विश्वासावर एकमेकांना बाप्तिस्मा दिला. लोक त्यांना ॲनाबॅप्टिस्ट, म्हणजे पुन्हा बाप्तिस्मा देणारे, म्हणू लागले. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये लिम्मात नदीत बुडवून मारण्यात आलं. मारणारं शहर कॅथलिक नव्हतं, धर्मसुधारणा स्वीकारलेलं प्रोटेस्टंट शहर होतं.

सगळ्यांनीच असं उत्तर दिलं नाही. स्ट्रासबुर्गचा सुधारक मार्टिन बुत्सर १५३८ मध्ये जर्मनीतल्या हेसेन प्रांतात गेला आणि मारबुर्गला ॲनाबॅप्टिस्टांशी समोरासमोर बसून बोलला. त्यांची तक्रार त्याला अगदीच पोकळ वाटली नाही. लेकरांचा बाप्तिस्मा करता, पण पुढं त्यांना काही विचारत नाही, शिकवत नाही, कसंही जगलं तरी सभासद मानता, ही ती तक्रार. १५३९ मध्ये हेसेनसाठी मंडळीची शिस्त ठरवणारे नियम आले, त्यांत बुत्सरनं दृढीकरण घातलं : लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी शिकायचं, मंडळीसमोर आपला विश्वास स्वतःच्या तोंडानं सांगायचा, मग पाळकानं हात ठेवून प्रार्थना करायची आणि त्यांना प्रभुभोजनाला घ्यायचं.

म्हणजे प्रोटेस्टंट दृढीकरणाचा एक मोठा झरा विरोधकांच्या आक्षेपातून फुटलेला आहे. लेकराचा बाप्तिस्मा ठेवायचा असेल, तर ‘हो’ म्हणण्याची जागा पुढं कुठंतरी ठेवावीच लागेल, एवढं त्यातून मान्य झालं.

आपल्याकडच्या सातबाऱ्याचं बघा. बाप वारला की लेकाचा हक्क उभा राहतो, पण तलाठ्याकडं जाऊन वारस लावल्याशिवाय आणि फेरफार मंजूर झाल्याशिवाय उताऱ्यावर नाव चढत नाही. फेरफारानं हक्क तयार होत नाही, तो आधीचाच असतो. तसंच बाप्तिस्म्यात जे मिळालं ते दृढीकरण नव्यानं देत नाही. फरक इतकाच, की जमीन नको म्हणणारा वारस शोधून सापडायचा नाही. दृढीकरणाला ‘मला अजून पटलेलं नाही’ म्हणणारं पोरगं मात्र सापडू शकतं. त्याला तसं म्हणता आलं पाहिजे, नाहीतर त्या ‘हो’ला काही किंमत नाही.

आता मराठवाड्यात या. इथल्या जुन्या मंडळ्या एकाच मुळाच्या नाहीत. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, चर्च मिशनरी सोसायटीचं, म्हणजे अँग्लिकन परंपरेचं काम होतं. जालन्यात स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेसबिटेरियन परंपरेचं. अँग्लिकनांत बिशप, म्हणजे अनेक मंडळ्यांवरचा मुख्य पाळक, असतो आणि दृढीकरण त्याच्याच हातून होतं. प्रेसबिटेरियनांत बिशप नसतोच. तिथं वडीलमंडळ (मंडळीतल्या निवडलेल्या ज्येष्ठांचं मंडळ) उमेदवाराची चौकशी करून त्याला प्रभुभोजनाला घेतं. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांचं एकीकरण होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. आपण त्याला सरळ सीएनआय म्हणतो. त्यात अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल तर होतेच. शिवाय बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्ससुद्धा होते, म्हणजे तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा न देणारेही आत आले. म्हणून सीएनआयच्या घटनेनं दोन्ही वाटा पर्याय म्हणून मान्य केल्या : लेकराचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, किंवा लेकराचं नुसतं समर्पण आणि मोठेपणी स्वतःच्या विश्वासावर बाप्तिस्मा. मराठवाड्यात सीएनआयचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. एकाच बिशपच्या हाताखाली आजोबांची परंपरा एक आणि सासऱ्यांची दुसरी, असली घरं त्यात नवलाची नाहीत.

जालन्याचं नाव निघालं की ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या नारायण शेषाद्रींना वगळून पुढं जाता येत नाही. १८४३ मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या हातून त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढं त्यांनी जालन्याच्या परिसरात काम उभं केलं आणि बेथेल नावाची ख्रिस्ती वस्ती वसवली. पण आपल्या विषयासाठी त्यांच्या धाकट्या भावाची, श्रीपतीची गोष्ट जास्त बोलकी आहे. तो पोरवयाचा होता, मिशनऱ्यांकडं राहायला गेला होता, त्यांच्यात जेवला होता, पण बाप्तिस्मा झालेला नव्हता. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा वडिलांच्या ताब्यात दिला. मग प्रश्न आला त्याला जातीत परत घ्यायचं का. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्यावं अशी बाजू धरली आणि त्यावरून मोठं वादळ उठलं. एका घरातले दोन भाऊ; एकाच्या डोक्यावर पाणी पडलं होतं, दुसऱ्याच्या नाही. परतीच्या वाटेचा विचार धाकट्याच्या बाबतीतच होऊ शकला. बाप्तिस्मा नेमकी कुठं रेघ ओढतो, ते त्या काळी चर्चबाहेरच्या माणसांना चर्चमधल्यांपेक्षा चांगलं कळत होतं, असं मला कधीकधी वाटतं.

पाण्याचंही बोलून घेऊ, कारण लोक सगळ्यात जास्त तिथंच अडतात. शिंपडायचं, ओतायचं की बुडवायचं? अगदी सुरुवातीच्या काळातल्या मंडळीचं ‘दिदाखे’ नावाचं एक छोटं पुस्तक आहे, त्यात सरळ सूचना दिल्यात : वाहतं पाणी असेल तर त्यात, नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर गरम, आणि पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या माणसाला ही सूचना वेगळी समजावून सांगायची गरज नाही. बुडवण्यात मरणाचं आणि उठण्याचं चित्र जास्त ठसठशीत दिसतं, हे खरं. पण पाण्याच्या मापावर बाप्तिस्मा खरा-खोटा ठरत नाही, अशी सीएनआय, मेथडिस्ट, लुथरन अशा मंडळ्यांची भूमिका आहे. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या बुडवण्याचाच आग्रह धरतात. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) हा आणखी निराळा प्रकार. तिथं पाण्याचा बाप्तिस्माच नाही. माणूस प्रतिज्ञेवर सही करून झेंड्याखाली सैनिक म्हणून भरती होतो. तेही प्रोटेस्टंटच.

दृढीकरण प्रत्यक्षात कसं होतं? मुलं साधारण बारा ते सोळा वर्षांची झाली की पास्टर साहेब वर्ग घेतात. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा विश्वासांगीकार, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाचा अर्थ, शक्य झालं तर थोडा मंडळीचा इतिहास. बीड, धाराशिवकडच्या ज्या घरांतली माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जातात, त्यांची लेकरं नाताळलासुद्धा गावात नसतात; अशा मंडळीत वर्ग धरायचा तर उन्हाळाच सोयीचा. मग बिशप साहेबांची तारीख मिळवायची. उपासनेत मुलं पुढं येतात. तुमच्या नावानं तुमच्या आईवडिलांनी बाप्तिस्म्याच्या वेळी दिलेली वचनं तुम्ही स्वतः स्वीकारता का, या अर्थाचे प्रश्न विचारले जातात. मुलं होकार देतात. बिशप प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून, पवित्र आत्म्यानं याला बळ द्यावं अशी प्रार्थना करतात. त्यानंतर पहिलं प्रभुभोजन.

बिशपच का? प्रेषितांची कृत्ये, अध्याय ८ मध्ये शमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा झालेला होता, तरी यरुशलेमेहून पेत्र आणि योहान आले आणि त्यांनी हात ठेवून प्रार्थना केली. बिशपची परंपरा मानणारे यावर बोट ठेवतात. यामागं आणखी एक साधी गोष्ट आहे. आपण फक्त या गावच्या मंडळीत नाही तर मोठ्या मंडळीत आलो, हे बाहेरून आलेल्या बिशपमुळं मुलाला दिसतं. मेथडिस्ट मंडळ्यांत मात्र हे काम पाळकच करतो, आणि तिथलं सभासदत्व त्यामुळं एक आणाही कमी भरत नाही.

मोठेपणी, दुसऱ्या धर्मातून आलेल्या माणसाचं काय? त्याचं शिक्षण आधी होतं, बाप्तिस्मा नंतर, आणि विश्वास तो स्वतःच्याच तोंडानं कबूल करतो. मग वेगळ्या दृढीकरणाची गरज काय? बॅप्टिस्ट म्हणतात, गरज नाही. बाप्तिस्मा झाला की मंडळी त्याचा उजवा हात हातात घेऊन त्याला आपल्यात घेते. अँग्लिकन परंपरेत मोठ्या माणसाचंही दृढीकरण होतं, कधी त्याच उपासनेत, कधी बिशप येतील तेव्हा. तर्काच्या कसोटीवर बॅप्टिस्टांची बाजू मला जास्त नीट वाटते. पण बिशपचा हात हा फक्त कबुलीवरचा शिक्का नसून मंडळीची प्रार्थना आहे, असं धरलं तर दुसरी बाजूही उभी राहते.

तिसरी गोष्ट रजिस्टरची. बाप्तिस्मा झालेला प्रत्येकजण ख्रिस्ताच्या मंडळीचा आहे, यात कमी-जास्त नाही. दृढीकरण किंवा मोठेपणीचा बाप्तिस्मा झालेला माणूस प्रभुभोजन घेणारा पूर्ण सभासद. आणि या गावच्या मंडळीच्या यादीत नाव असणं, मत देता येणं, कमिटीवर उभं राहता येणं, हा संस्थेचा कारभार आहे. त्याला वय लागतं, नेमानं उपासनेला येणं लागतं, वर्गणी लागते. नांदेडहून पुण्याला गेलेल्या माणसानं जुन्या पास्टरांचं पत्र नेलं, की तिथं नाव लागतं. बाप्तिस्मा, दृढीकरण काहीच पुन्हा होत नाही. वर्गणी थकली म्हणून मत गेलं तर ते नियमात बसतं. पण वर्गणी थकली म्हणून कुणाला ‘तू आमच्यातला नाहीस’ म्हणणं म्हणजे तिसऱ्या पायरीचा हिशेब पहिल्या पायरीवर मांडणं झालं. आपल्याकडच्या निम्म्या भांडणांचं मूळ हेच.

सरकारी कागदांचा हिशेब याहूनही वेगळा. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती धर्म मानणारा माणूस, एवढीच व्याख्या आहे. बाप्तिस्म्याचा दाखला मागते ती मंडळी. उलट, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा आधी मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला, १९५६ मध्ये सगळ्या शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना दिला, ख्रिस्ती झालेल्यांना दिला नाही. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती समाजात दलित घरं मोठ्या संख्येनं आहेत. त्यामुळं प्रार्थनेला वर्षानुवर्षं येऊनही बाप्तिस्मा न घेणारी माणसं का दिसतात, हे निव्वळ श्रद्धेच्या भाषेत सांगता येत नाही. अशा माणसांचं काय करायचं हा प्रश्न नारायण वामन टिळकांनाही पडला होता. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १८९५ चा. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. १९१९ मध्ये टिळक गेले. त्यांचा प्रश्न अजून इथंच आहे.

आजचा सगळ्यात कडवट वाद मात्र पुन्हा बाप्तिस्मा घेण्याचा. सीएनआयच्या जुन्या घरातला पोरगा एखाद्या प्रार्थना ग्रुपमध्ये जाऊ लागतो, त्याचं आयुष्य खरोखर बदलतं, आणि एके दिवशी तो विहिरीत किंवा गोदावरीत बाप्तिस्मा घेऊन येतो. घरी आजी रडते, ‘म्हंजे आमी तुला जे दिलं ते खोटं होतं का रे?’ पोराच्या मते तो पहिल्यांदाच बाप्तिस्मा घेतोय, कारण लहानपणीचा तो धरतच नाही. आजीच्या मंडळीच्या मते बाप्तिस्मा एकदाच होतो. इफिसकरांस पत्रात ‘एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा’ असं म्हटलंय. १९८२ मध्ये पेरूतल्या लिमा शहरात अनेक परंपरांच्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी मिळून जो मसुदा संमत केला, त्यातही बाप्तिस्मा पुन्हा करता येत नाही असंच मांडलंय. देणारा पास्टर पुढं बिघडला, तरी त्यानं दिलेला बाप्तिस्मा बिघडत नाही, हे तर चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मपंडिताच्या काळापासून ठरलेलं आहे.

मी आजीच्या बाजूचा आहे. पण त्या पोराला नावं ठेवण्याआधी त्याचं दृढीकरण कसं झालं होतं ते विचारावं. बिशप साहेब येणार म्हणून आठ दिवसांत उरकलेला वर्ग, पाठ केलेली उत्तरं, पांढरे कपडे, फोटो, जेवण. त्याला ‘नाही’ म्हणायची मुभा कुणी दिली नव्हती, मग ‘हो’ तरी त्याचं कुठून असणार? हेसेनमध्ये बुत्सरनं जी जागा तयार केली, ती आपण रिकामी ठेवली, आणि ॲनाबॅप्टिस्टांचा जुना आक्षेप पुन्हा दारात येऊन उभा राहिला. त्याला शिस्तभंगाची नोटीस पाठवून भागत नाही. जुन्या मंडळ्यांत बाप्तिस्म्याच्या वचनांचं नूतनीकरण करण्याची सोय आहे. मोठा माणूस मंडळीसमोर उभा राहून ती वचनं पुन्हा, या वेळी समजून, घेऊ शकतो. आपल्याकडं ते क्वचित होतं. वॉच नाइटच्या उपासनेत, ३१ डिसेंबरला, ते सहज करता येईल.

राहता राहिला तो माणूस, ज्याचा बाप्तिस्मा झाला की नाही हेच कुणाला माहीत नाही. आईवडील गेलेले, गाव सुटलेलं, रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं. पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा नाही आणि विनाबाप्तिस्म्याचंही ठेवायचं नाही, अशी पास्टर साहेबांची कोंडी. अँग्लिकन परंपरेनं त्यासाठी एक वाक्य शतकानुशतकं जपून ठेवलंय. पाणी हातात घेऊन पाळक म्हणतो, तुझा बाप्तिस्मा आधी झालेला नसेल, तर मी तुला बाप्तिस्मा देतो. रजिस्टरमध्येही नोंद तशीच करायची, ‘सशर्त’ असा शेरा मारून.